तक्रार करावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
(कार्यालयाचे नाव : जागा मोकळी सोडली आहे)

विषय : गाडीला चुकीची पाटी लागल्यामुळे झालेल्या उशिराबद्दल तक्रार करावी किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या गाडीच्या काचेआडची पाटी. २) तीच पाटी, उलटून लावल्यानंतरची.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवतो की, मी नियमित तिकीट काढणारा, सुटे पैसे जवळ बाळगणारा आणि पाटीवर विश्वास ठेवणारा प्रवासी आहे. आपल्या कार्यालयाचे नाव वर मोकळे सोडले आहे ते विसरून नव्हे. नाव घातले की या अर्जाची तक्रार होते, आणि तक्रार करायची की नाही हेच तर आपणास विचारायचे आहे. तरी हे पत्र आपल्याच वाट्याचे आहे असे कोणा साहेबांना वाटलेच, तर माझा नाइलाज आहे. खाई त्याला खवखवे.

प्रकार असा घडला. सकाळी फलाटावर गाडी उभी होती आणि तिच्या पुढच्या काचेआड आमच्या गावाची पाटी होती. पाटी दिसल्यावर जे व्हायचे ते झाले. खिडक्यांतून रुमाल गेले, पिशव्या गेल्या, एका गृहस्थांनी तर नातवालाच खिडकीतून आत सोडून तीन जागा धरल्या. सीटवर टाकलेला रुमाल म्हणजे आपल्याकडे सातबाराच. त्यावरून दोन भांडणे झाली, ती मिटली, मिटल्यावर त्याच मंडळींनी एकमेकांना शेंगदाणे दिले. मागच्या बाकावरून एक जण फोनवर सांगत होता, "हो हो, बसलो. जागा मिळाली. निघतेच आहे."

बऱ्याच वेळाने कंडक्टर आले. गळ्यात तिकिटाचे मशीन, कानावर पेन.

"कुठं जायचं?"

सगळ्या गाडीने एकाच गावाचे नाव घेतले. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग दारातून वाकून पुढे पाहिले.

"ही तिकडं नाही जात."

"अहो, पाटी आहे ना!"

ते खाली उतरले, पाटी काढली, उलटली, परत लावली आणि म्हणाले, "कालची राहिली होती."

मग आमची गाडी कुठे? ती कोपऱ्यातल्या फलाटावर उभी होती म्हणे. तिला पाटीच नव्हती, कारण तिची पाटी आमच्या गाडीला होती. ती मघाशीच गेली. जवळजवळ रिकामी गेली, पण, साहेब, वेळेवर गेली.

चौकशीच्या खिडकीशी आम्ही गर्दी केली तेव्हा वाहतूक नियंत्रकांनी शांतपणे नोंदवही पुढे ओढली, रकान्यावरून बोट फिरवले आणि सांगितले, "गाडी टायमात सुटलेली आहे." त्यात रतीभर खोटे नव्हते. आम्हाला उतरवल्यावर दुसरीही गाडी वेळेवर सुटली. म्हणजे आपल्या दफ्तरी त्या सकाळी काहीच बिघडलेले नाही. दोन गाड्या, दोन्ही टायमात. उशीर झाला तो आम्हाला, आणि आम्हाला किती उशीर झाला याचा रकाना नोंदवहीत नाही.

हे दुखणे एकट्या आपल्या कार्यालयाचे आहे असे मात्र मनाला लावून घेऊ नका. रेल्वेतही मेल-एक्स्प्रेस गाडीचा वक्तशीरपणा ती शेवटच्या स्थानकावर कधी पोचली यावरून ठरवण्याची रीत आहे, आणि पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरत नाहीत. गाडी मध्येच कुठेतरी तासभर रखडली आणि पुढे वेळापत्रकातल्या ऐसपैस मोकळ्या जागेत तिने तो तास भरून काढला, की कागदावर गाडी वेळेवर. मधल्या स्टेशनावर रात्री उतरून शेवटची रिक्षा चुकलेला माणूस त्या कागदावर कुठेच नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फलाटावर आमची एक छोटी विधानसभाच भरली होती. तिच्यात बहुमत 'जाऊ द्या हो' पक्षाला मिळाले. या पक्षाला जाहीरनामा लागत नाही. "होतं असं कधी कधी", "पुढची येईलच की", "आपलंच चुकलं, विचारायला हवं होतं" एवढ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून येत आहे. एक निवृत्त मास्तर विरोधी बाकावर होते. ते तावातावाने म्हणाले, "लिहा! लिहिलंच पाहिजे! मी मजकूर सांगतो." कागद काढल्यावर म्हणाले, "सही तुमची करा. माझं इथून रोजचं जाणं-येणं आहे."

एक आजी मात्र कोणत्याच पक्षात नव्हत्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत डोळ्यांच्या तपासणीचे कागद, त्यावर पुठ्ठ्याचा चष्मा, आणि एकच प्रश्न : "केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते हो?" कोणाला माहीत नव्हते. सरकारी दवाखान्याची ती खिडकी दुपारनंतर कोणासाठी उघडी राहत नाही, एवढे सगळ्यांना माहीत होते. कोणी बोलले नाही.

तक्रारीविरुद्ध सर्वांत सज्जन मुद्दा असा निघाला की, लिहिले तर त्या बिचाऱ्या कंडक्टरला मेमो मिळेल. हा मुद्दा मला खरोखर पटला. डेपोत पाट्या किती, कोणती कुठे ठेवायची, गाडी आत आल्यावर जुनी पाटी काढायची कोणी, हे त्या कंडक्टरने ठरवलेले नाही. ते तर पेन कानावर ठेवून नुकतेच ड्युटीवर आले होते. पण, साहेब, गंमत पाहा. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या पोटाची काळजी वाहून लेखी तक्रार टाळली, त्यांतल्या निम्म्यांनी त्यांना तोंडी यथेच्छ झोडपले. नाना तऱ्हेची विशेषणे लावली, घरच्यांचा उद्धार केला आणि मग दयाबुद्धीने कागद परत खिशात घातला. याने कंडक्टरचा दिवस गेला आणि पाटी जिथे होती तिथे राहिली. कागदावर लिहिले असते तर उलटे घडण्याची निदान शक्यता तरी होती.

याला जुना दाखला आहे. सन १९०९ मध्ये ओखिल चंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कार्यालयाला इंग्रजीत एक पत्र पाठवले. फणस जरा जास्त झाला, अहमदपूर स्टेशनात गाडी थांबल्यावर गृहस्थ आडोशाला गेले, तेवढ्यात गार्डने शिट्टी फुंकली. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर अशा अवस्थेत ते धावले, पडले, फलाटावरच्या बायाबापड्यांनी सगळे पाहिले आणि गाडी गेली. इंग्रजी मोडकेतोडके होते, पण राग व्याकरणशुद्ध होता. त्यांची मागणी एवढीच, की गार्डला जबर दंड करा, नाहीतर मी वर्तमानपत्रांना कळवतो. गार्डचे पुढे काय झाले ते इतिहासात नाही. पण त्या पत्रानंतर खालच्या वर्गाच्या डब्यांत संडास आले, असे रेल्वेच्या कथांत सांगतात, आणि ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मांडून ठेवले आहे. मागितला दंड आणि मिळाला संडास! ओखिलबाबूंनी 'बिचारा गार्ड' म्हणून गप्प बसायचे ठरवले असते, तर आपले आजोबा मुंबईहून नागपूरला कसे गेले असते, याची कल्पना करवत नाही.

दुसरा मुद्दा व्यवहारी मंडळींचा : लिहून मिळणार काय? याला मी दोन उदाहरणे देतो. दोन्ही आपल्या सोयीची नाहीत.

२०१६ च्या जून महिन्यात एक कुटुंब अजमेर-जम्मू एक्स्प्रेसने निघाले. गाडी सकाळी आठच्या सुमारास जम्मूला पोचायची, ती पोचली दुपारी बाराला. श्रीनगरचे विमानही बाराचेच. ते गेले. मंडळींनी टॅक्सी केली, पंधरा हजार रुपये मोजले, श्रीनगरला मुक्कामासाठी केलेले बोटीचे बुकिंगही वाया गेले. मग ते ग्राहक मंचात गेले. रेल्वेने नियमांचे पुस्तक उघडून दाखवले, की गाडीला उशीर झाला तर भरपाईला आम्ही बांधील नाही. मंच, राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग असे करत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितले, की उशीर का झाला आणि तो आपल्या हाताबाहेरचा कसा होता, हे रेल्वेने दाखवले पाहिजे. ते दाखवले नाही, तर भरपाई द्यावी लागेल. टॅक्सीचे पंधरा हजार मंजूर झाले. चार तासांचा उशीर पाच वर्षांनी का होईना, कुठेतरी लिहिला गेला.

दुसरे उदाहरण मथुरेचे. १९९९ साली एका वकिलांकडून दोन तिकिटांचे सत्तरऐवजी नव्वद रुपये घेतले गेले. वीस रुपयांसाठी ते भांडले, शंभरावर तारखा झाल्या, २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. हे ऐकून आपल्या मनात काय आले ते मला ठाऊक आहे : बावीस वर्षे तग धरणारा प्रवासी हजारांत एक, बाकीच्यांची काळजी नको. हिशेब अगदी बरोबर आहे. आजवर आपले सगळे त्याच हिशेबावर चालले आहे.

आता परदेशातले एक उदाहरण. आपण ते हसण्यावारी न्याल म्हणून भीतभीतच देतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये जपानात तोक्योजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावरची एक गाडी मिनामी-नागारेयामा स्थानकातून वेळेच्या वीस सेकंद आधी सुटली. मिनिटे नव्हेत, सेकंद. कंपनीने पत्रक काढून माफी मागितली. चूक कशी झाली तेही लिहिले : कर्मचाऱ्याने सुटण्याची वेळ नीट तपासली नाही. आणि त्याच पत्रकात असेही नोंदवले, की प्रवाशांकडून तक्रार आलेली नाही. साहेब, या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबा. आपल्याकडे तक्रार आली नाही याचा अर्थ चूक झाली नाही असा होतो. वार्षिक अहवालात 'तक्रारी : निरंक' असे लिहिता येते. मास्तरांनी न केलेली सही तिथे कामाला येते.

त्याच देशात गाडीला उशीर झाला की स्टेशनावर उशिराचा दाखला मिळतो. तो कचेरीत किंवा शाळेत दाखवायचा, म्हणजे चूक प्रवाशाची नव्हे हे सिद्ध होते. आपल्याकडे दाखल्यांना तोटा नाही. जन्माचा आहे, रहिवासाचा आहे, उत्पन्नाचा आहे, जातीचा आहे. पेन्शनरांना तर दरवर्षी आपण जिवंत असल्याचाही दाखला द्यावा लागतो. एवढ्या दाखल्यांच्या राज्यात उशिराचा तेवढा नाही. तो असता तर त्या फोनवाल्या माणसाचा त्या दिवशीचा लेट मार्क वाचला असता, आणि खिडकी बंद करणाऱ्या दवाखान्याच्या कारकुनासमोर आजींना काहीतरी धरता आले असते. साधा कागद, शिक्का आणि एक वाक्य : 'सदर प्रवासी आमच्या पाटीमुळे उशिरा आले.' एवढे लिहायला हात जड होईल, हे मी समजू शकतो.

या सगळ्यावर विचार करता माझे मत असे झाले आहे, की तक्रार करावी. नुकसानभरपाईसाठी नव्हे, कोणाला मेमो मिळावा म्हणून तर मुळीच नव्हे. आपली नोंदवही गाडी पाहते, माणूस पाहत नाही. म्हणून माणसाने स्वतःच लिहून जायचे. त्यातही माझ्या अटी आहेत. तक्रारीत कंडक्टरचे नाव नसेल, बिल्ला क्रमांक नसेल. तारीख, वेळ, गाडी क्रमांक, फलाट, पाटीवर काय होते आणि गाडी कुठे गेली, एवढेच असेल. आणि उत्तर म्हणून मला 'संबंधितांना योग्य ती समज देण्यात आली आहे' हे छापील वाक्य नको. समज पाटीला देता येत नाही. गाडी फलाटावर लागण्याआधी पाटी कोण तपासतो, तेवढे एका ओळीत कळवा. कोणीच तपासत नसेल तर तेही कळवा, मी आपल्या प्रामाणिकपणाची कदर करीन.

तरी उपरोक्त विषयी आपले मार्गदर्शन पंधरा दिवसांत मिळावे, ही विनंती. ते न मिळाल्यास तक्रार करण्यास आपली हरकत नाही, असे गृहीत धरण्यात येईल आणि वर मोकळ्या सोडलेल्या जागेत कार्यालयाचे नाव भरण्यात येईल.

कळावे.

आपला नम्र,
एक तिकीटधारक

प्रत माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी :
त्या सकाळी फलाटावर असलेले सर्व प्रवासी, आणि राज्यातल्या कोणत्याही फलाटावर असेच चुकीच्या गाडीत बसलेले वाचक. तारीख, वेळ आणि गाडी क्रमांक त्याच दिवशी लिहून ठेवा, रागाबरोबर हेही दोन दिवसांत विसरते. खिडकीवर तक्रार पुस्तक मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा, आणि सही स्वतःची करा.