तेवढं कॉन्फिगरेबल करून टाक

सॉफ्टवेअर कंपनीतल्या मीटिंगमध्ये भांडण मिटवायचे दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे समोरचा बरोबर आहे हे मान्य करणं. हा मार्ग कुणी वापरलेला माझ्या पाहण्यात नाही. दुसरा, मॅनेजरांनी घड्याळाकडे बघत म्हणणं, "अरे, वाद कशाला? तेवढं कॉन्फिगरेबल करून टाक ना." की फटाफट लॅपटॉप मिटतात, दोन्ही पक्ष आपणच जिंकलो या आनंदात चहाला जातात आणि ज्याचा कोड आहे तो मागे बसून सेटिंग लिहितो.

माझ्या गळ्यात आमच्या कंपनीतली पैशांची लायब्ररी आहे. म्हणजे एकदा लिहायचा आणि प्रत्येक प्रोजेक्टने उचलून वापरायचा असा कोड. हिच्याकडे आकडा द्या, ही तो माणसात आणून देते: स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशोबाने, दशांश जितके हवेत तितके आणि चेकसाठी रक्कम अक्षरी. एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, शाळेच्या फीचं ॲप आणि एका ऑस्ट्रेलियन ग्राहकाची बिलं अशी तीन बिऱ्हाडं तिच्यावर चालतात. एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

आता अडीच रुपये. पूर्ण रुपयात किती? तुम्ही म्हणाल तीन, कारण शाळेत तसंच शिकवलंय. पायथॉन ३ म्हणते दोन, कारण तिच्या नियमाने बरोबर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे झुकतो. जावास्क्रिप्ट म्हणते तीन. पण तिलाच उणे अडीच द्या, ती उणे दोनवर येते. जावाने तर या कामासाठी आठ पद्धती देऊन ठेवल्या आहेत. त्यातल्या आठवीचं नाव 'अननेसेसरी'. राउंडिंगची गरज पडणारच नाही, अशी तिची पक्की समजूत असते. आणि पडलीच, तर ती गणित सोडून थेट एरर फेकते. अशी माणसं मी सोसायटीच्या वार्षिक सभेत पाहिली आहेत.

सीजीएसटी कायद्याच्या कलम १७० ला हे लाड मंजूर नाहीत. करात पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया, कमी असतील तर सोडून द्या, संपलं. थोडक्यात, राउंडिंगचं सेटिंग खरोखर लागतं. देशागणिक, कायद्यागणिक उत्तर बदलतं, आणि ते प्रोजेक्टला माहीत असतं, मला नाही. हे सेटिंग मी आनंदाने दिलं.

मग ऑस्ट्रेलियावाले आले. त्यांच्याकडे एक आणि दोन सेंटची नाणी १९९२ पासून चलनातून काढून घेतली गेली, त्यामुळे रोखीचं बिल जवळच्या पाच सेंटवर नेतात. कार्डाने दिलं तर सेंट अन् सेंट घेतात. त्यांच्या टीमने मागणी केली, "रोख-कार्ड असं एक सेटिंग दे." मी विचारलं, "दुकानात सकाळी सगळे रोख आणि दुपारनंतर सगळे कार्ड, असं असतं का?" नसतं. एकाच रांगेत पुढची बाई नोटा मोजते आणि मागचा माणूस कार्ड काढून उभा असतो. प्रत्येक बिलागणिक बदलणारी गोष्ट हे सेटिंग नव्हे. ते दर वेळी विचारून घ्यायचं. आणि येनला दशांश नसतात, कुवेती दिनारला तीन असतात, हेही सेटिंग नव्हे. ते आयएसओच्या ४२१७ क्रमांकाच्या यादीत छापलेलं आहे. तरी एकाने मला "येनला दोन दशांश द्यायची सोय ठेवा, कधी लागली तर" असं सुचवलं. दिनारवर मात्र त्याची अशी माया दिसली नाही.

पण खरी मजा अक्षरी रकमेत. शाळेला "रुपये पाचशे फक्त" हवं होतं. पतसंस्थेच्या अध्यक्षांना "रुपये पाचशे मात्र" हवं होतं, कारण त्यांच्या पावतीपुस्तकावर वर्षानुवर्षं तसंच छापलंय. मी म्हटलं, ती शेवटची जागा मोकळी ठेवतो, ज्याला जे हवं ते त्याने लिहावं. पण तोवर घड्याळाकडे बघून झालं होतं. "ऑन-ऑफ दे, क्लायंटला सोपं पडतं." म्हणून 'फक्त लावा' असा एक खटका आला. मग पतसंस्थेसाठी 'मात्र लावा' असा दुसरा. एक दिवस पतसंस्थेच्या टीममध्ये नवीन मुलगा आला. त्याने दोन्ही खटके बघितले, दोन्ही चांगलेच दिसले, दोन्ही चालू केले. पावती छापली गेली: "रुपये पाचशे फक्त मात्र." टेस्टिंगवाल्या मॅडमनी बग नोंदवला. टीमने उत्तर लिहिलं, "सेटिंगप्रमाणे आहे," आणि तो बंद केला.

त्या मॅडमची मला मनापासून दया येते. दहा खटके म्हटले की त्यांच्या चालू-बंदच्या १०२४ मांडण्या होतात. वीस खटक्यांच्या १०,४८,५७६. (हे स्वल्पविराम लायब्ररीनेच घातलेत, त्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.) एवढ्या मांडण्या तपासायच्या कुणी? तपासत कुणीच नाही. आपला ग्राहक त्यातल्या नेमक्या कुठल्या मांडणीवर बसलाय हे कळतं, तेव्हा तो फोन करतो.

सेटिंग द्यायचं ठरलं, तरी ते ठेवायचं कुठे? डॉटनेटमधला प्रकार बघण्यासारखा आहे. होतकरू माणूस लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये छान कॉन्फिग फाइल बनवतो, तीत आकडा बदलतो, काहीच होत नाही. पुन्हा बदलतो. मशीन रीस्टार्ट करतो. शेजारच्याला बोलावतो, तोही बदलून बघतो. तिकडे चालू असलेलं ॲप्लिकेशन आपली स्वतःची फाइल वाचत शांत बसलेलं असतं. लायब्ररीच्या फाइलकडे ते ढुंकून बघत नाही. योग्यच आहे. पाहुण्याने आपल्या घरचे नियम पिशवीत घालून आणायचे नसतात. पायथॉनच्या लॉगिंगच्या मार्गदर्शनात लायब्ररी लिहिणाऱ्यांना हेच बजावलंय: नोंदी करा, पण त्या कुठे लिहायच्या हे तुम्ही ठरवू नका, ते ॲप्लिकेशनवाल्याचं काम.

बरं, यजमानाने सेटिंग दिलं, ते तरी धड पोचतं का? एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून आलेली प्रत्येक गोष्ट अक्षरांत येते. तिथे कुणी 'फॉल्स' लिहिलं आणि पायथॉनला किंवा जावास्क्रिप्टला सरळ विचारलं, की हे खरं की खोटं, तर उत्तर मिळतं: खरं. अक्षरं आहेत ना, रिकामं तर नाही! सेटिंगच्या फाइली ज्यात लिहितात त्या यामलच्या १.१ आवृत्तीत देशांची यादी करताना नॉर्वेसाठी एन-ओ ही दोन अक्षरं अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर नॉर्वे 'नाही' होतो. स्वीडन आहे, डेन्मार्क आहे, मध्ये नॉर्वेच्या जागी नकार. आणि सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकलं तर बऱ्याच लायब्रऱ्या ते निमूटपणे सोडून देतात आणि आपलंच जुनं चालवतात. माझी मात्र अनोळखी नाव दिसलं की सुरू व्हायलाच नकार देते. याबद्दल मला शिव्या पडतात, पण त्या सकाळी दहाला पडतात, रात्री दोनला नाही.

मला हेवा वाटतो गो भाषेच्या गोफमटचा. कोड कसा मांडायचा हे तो ठरवतो. टॅब हवा की स्पेस, असलं काही त्याला सांगायची सोयच नाही. लोकांनी कुरकुर केली आणि कामाला लागले. कोडची मांडणीच करणाऱ्या प्रिटियरवाल्यांनी तर आपण आणखी पर्याय का देऊ इच्छित नाही, यावर आपल्या माहितीपुस्तिकेत वेगळं प्रकरणच लिहून ठेवलंय. आमच्या मॅनेजरांना ते वाचायला दिलं होतं. ते म्हणाले, "छान आहे. आपण हे ऑप्शनल ठेवू या."

तरी पुढच्या आवृत्तीत दोन्ही खटके जाताहेत. तिथे एक मोकळी जागा असेल. 'फक्त' लिहा, 'मात्र' लिहा, काहीच लिहू नका. बाकी नवं सेटिंग मागायला जरूर या, पण येताना कागद आणा: कायद्याचं कलम, ग्राहकाचा करार, काहीही चालेल. "साहेबांना असं बरं दिसतं" हा कागद धरला जाणार नाही. आणि यामलमध्ये 'फॉल्स' कृपया अवतरणचिन्हांशिवाय लिहा. नॉर्वे अवतरणचिन्हांत.