मान डोलवण्याचं तंत्र: संभाव्यताशास्त्राच्या नवशिक्यांसाठी

केंब्रिजच्या न्यूटन इन्स्टिट्यूटमधून कार्यशाळेचं बोलावणं आलं? अभिनंदन! विषय संभाव्यताशास्त्र आणि सांख्यिकीय भौतिकी. घरचे शेजाऱ्यांना 'फिजिक्समध्येच काहीतरी' म्हणून सांगतात. ध्येय एकच ठेवा: आपल्याला काही कळत नाहीये, हे आठवडाभर कुणाला कळू द्यायचं नाही.

१. व्हिसा. शक्यता मोजणं हा तुमचा धंदा असला, तरी पासपोर्ट कधी परत येईल हे मोजायला जाऊ नका.

२. पहिली पाच मिनिटं. कळणार तेवढीच, म्हणून ती ठळक अक्षरांत उतरवा. सच्छिद्र दगड पाण्यात बुडवला तर मधोमध ओला होईल का? १९५७ मध्ये ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ली यांनी हे पाझराचं (पर्कोलेशनचं) गणित मांडलं. ब्रॉडबेंट यांच्या डोक्यात गॅस मास्कमधला कोळसा होता. सहाव्या मिनिटाला ग्रीक अक्षरं उतरतात. घाबरू नका, पेन हलतं ठेवा. चौकोनी जाळीच्या कड्यांसाठी पाझराचा उंबरठा, म्हणजे कडी उघडी असण्याची ज्या शक्यतेपुढे पाणी हवं तितकं दूर पाझरू शकतं ती, बरोबर अर्धा, हे केस्टेन यांनी सिद्ध केलं ते १९८० मध्ये. तुम्हाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत मुदत आहे.

३. प्रश्न. एकच पाठ करा: "तीन मितींत काय होतं?" वक्ता खिन्न हसेल आणि म्हणेल, "ते अजून सुटलेलं नाही." चुंबकत्वाचं आयझिंग मॉडेल दोन मितींत ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये सोडवलं, तीन मितींतलं अचूक उत्तर अजून कुणाकडे नाही. पाझराचंही तेच: नेमक्या उंबरठ्यावर उघड्या, जोडलेल्या वाटांचा अनंत पुंजका उरतो की नाही, हे तीन मितींत सिद्ध झालेलं नाही. अकरा आणि त्यापुढच्या मितींत मात्र झालंय. राहायला आपण तीनमध्ये आहोत, ही तुमची अडचण. ती व्याख्यानात काढू नका.

४. फळा. लपायला स्वच्छतागृहात जाल, तर तिथेही फळा आहे. लिफ्टमध्येही आहे. खिशात खडू ठेवा, एक असमता लिहा, मान हलवून पुसून टाका. कुणी तुमच्या सिद्धतेत भोक दाखवलंच, तर परंपरेचा हवाला द्या: वाइल्स यांनी जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता इथेच जाहीर केली आणि भोक नंतर सापडलं. (त्यांनी ते बुजवलं, हे सांगायची गरज नाही.)

५. चहा. खरी कार्यशाळा हीच. बिस्किट हातात घेऊन एखाद्या मोठ्या माणसाजवळ उभे राहा. आपल्याकडच्या मुलांच्या कोंडाळ्यात मात्र शिरू नका. दोन मिनिटांत गाडी राइस कुकर आणि पोस्टडॉकवर येते. बॅगेतली भाकरवडी काढायचीच, तर इथे काढा. तिच्यामुळे झालेली ओळख पोस्टरमुळे होणाऱ्या ओळखीपेक्षा टिकते.

६. पोस्टर. बघायला शेजारचा पोस्टरवाला येईल. तुम्ही त्याचं बघा, फिटंफाट. प्रबंधात चूक असली तरी हाय खाऊ नका. आयझिंग यांनी १९२५ मध्ये एका मितीत अवस्थांतर होत नाही हे बरोबर काढलं, आणि तीन मितींतही होणार नाही असं चुकीचं ठरवलं. मॉडेलला नाव त्यांचंच आहे.

७. पावत्या. बोर्डिंग पासचे तुकडे, बसची तिकिटं, सगळं जपा. प्रमेयं हरवली तरी चालतील. परतल्यावर हिशेब विभागात 'हे उघड आहे' म्हणून पुढची पायरी गाळता येत नाही.