रा. रा. मागचे साहेब यांसी

सा. न. वि. वि.

आपली ओळख आरशातली. नाव-गाव ठाऊक नाही, परंतु पनवेल सोडल्यावर द्रुतगती मार्गावर आपण माझ्या इतके जवळ होतात की डॅशबोर्डवरचा गणपती, आपला चष्मा आणि आपले हलणारे ओठ सगळे स्वच्छ दिसत होते. शब्द ऐकू आले नाहीत. आमच्या मातोश्रींची चौकशी असावी.

मी ताशी शंभरने, म्हणजे कायदा जास्तीत जास्त देतो तेवढ्या वेगाने, एका टँकरला ओलांडत होतो. उजवीकडे दुभाजक, डावीकडे टँकर. अशा वेळी आपण डिपर मारत राहिलात ते श्रद्धेपोटीच. पुरेसा प्रकाश पाडला की पुढची गाडी विरघळते, असे आपल्याकडे मानत असावेत. (उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या ट्रकवाल्यांना मी वेगळे पत्र लिहिणार आहे. त्यावर आपली सही आनंदाने घेईन.)

थोडे गणित करू. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पुढच्याचा ब्रेक लाइट पाहून आपला पाय ब्रेकवर पडायला तरतरीत माणसालाही सेकंदभर लागतो. म्हणजे मी कचकन ब्रेक दाबला असता, तर थांबायला आपल्याला माझ्याहून २८ मीटर जास्त लागले असते. आपल्याजवळ होते दहा-बारा. उरलेले सोळा आपल्याला माझ्या डिकीतून काढावे लागले असते. म्हणून निदान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे असे जाणकार सांगतात. आपल्या रस्त्यांवर एवढी जागा सोडली की तीत तिघे घुसतात, हे मान्य. घुसू द्यावे. पुण्यात आपण त्या तिघांच्या मागून पोचाल, इतकेच.

भाताण बोगद्यात आपण चारी इंडिकेटर लावलेत. ते बंद पडलेल्या गाडीसाठी असतात, पण आपल्या गाडीत तेवढे एकच बटण वापरात असावे, कारण बोगद्याबाहेर येताच आपण मला डावीकडून ओलांडलेत ते कुठलाही इंडिकेटर न देता. मग कॅमेऱ्याच्या कमानीआधी आपण एकदम सभ्य झालात आणि कमान मागे पडताच पुन्हा मोकळे. कॅमेऱ्यापुढे एवढी लीनता मी लग्नाच्या फोटोतही पाहिली नाही.

आणि मग फूड मॉलला आपण पुन्हा भेटलो. मी गाडी लावून आत आलो तेव्हा वडापावच्या रांगेत आपण माझ्या एकच माणूस पुढे होतात. काउंटरवर गोंधळ झाला, कोणाचा नंबर ते कळेना, तेव्हा आपण मागे वळून म्हणालात, ‘काका, तुम्ही घ्या आधी. आम्हाला काही घाई नाही.’

साहेब, मी त्या वाक्याने अजून सावरलेलो नाही. आपण मला ओळखले नाहीत, आणि ओळखणार तरी कसे? रस्त्यावर आपण माझा चेहरा पाहिलाच नव्हता; पाहिला होता तो एक पांढरा, मध्ये आलेला पार्श्वभाग. तोच पार्श्वभाग पायी चालत आला तर त्याला आपण रांगेत पुढे घेता, वर चटणीची वाटीही सरकवता. आपण वाईट माणूस नाही, हीच खरी पंचाईत आहे. वाईट माणसाला पोलीस तरी पकडतात. सोसायटीच्या जिन्यात आपण म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलत असणार, लिफ्टचे दार धरून ठेवत असणार. मग गाडीचे दार लागले की नेमके काय होते? काच वर जाते, एसी लागतो, आणि पुढचा जो कोणी असेल तो माणूस राहत नाही, अडथळा होतो. मुद्दाम आपल्यालाच अडवायला सकाळपासून निघालेला.

बाकी घाई नसल्याचे आपण सांगितलेत ते खरेच. कळंबोली ते किवळे अंतर ९४.५ किलोमीटर. शंभरने सलग गेले तर ५७ मिनिटे, एकशेवीसने ४७. घाटातली साठची मर्यादा आपल्याला लागू नाही असे धरले तरी वाचली जेमतेम दहा मिनिटे, आणि तेवढी आपण वडापावच्या रांगेत घालवलीत. त्या दहा मिनिटांसाठी गाडीच्या अंगातला जोर मात्र ४४ टक्क्यांनी वाढलेला असतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली आणि सरकारी नोंदीत त्यांतल्या सुमारे ७१ टक्क्यांपुढे कारण लिहिले आहे अतिवेग. त्यांतल्या कितीतरी गाड्या चालवणारेही ‘माझा कंट्रोल आहे’ असेच म्हणाले असतील.

चिरंजीव गोड आहेत. मागच्या सीटवर उभे राहून, दोन्ही पुढच्या सीटांमधून मान काढून ते मला हात करत होते. मागच्या सीटलाही पट्टा असतो आणि तो लावणे सक्तीचे आहे. पण पट्टा लावला तर ते बाबांची गाडी चालवायची रीत इतक्या जवळून कशी शिकणार?

घाटात ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आपण क्षणात बाजूला झालात, हे मात्र मनापासून नोंदवतो. वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांचा दंड आहे, पण आपण दंडाला भिऊन सरकला नाहीत. आतल्या माणसाचा विचार आपल्या मनात आला असणार. पुढच्याच क्षणी, मोकळी झालेली वाट वाया जाऊ नये म्हणून, आपण तिच्या मागे लागलात, तोही विचार आलाच.

कळावे, लोभ असावा, जरा लांबून.

आपला,
पुढचा

ता. क. आपण डावीकडून पुढे गेलात तेव्हा दिसले, आपल्या गाडीचा मागचा डावा ब्रेक लाइट लागत नाही. लवकर बघून घ्या. आपल्या मागेही कोणी आपल्यासारखेच असू शकेल.