सिंहासन वितळलं, राग नाही

१९ मे २०१९. लोकसभेचा शेवटचा टप्पा संपला आणि सगळा देश एक्झिट पोलला चिकटला. दिल्लीच्या खुर्चीचे अंदाज रात्री उशिरापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी साडेसहाला पुण्या-मुंबईतली पोरं दात न घासता मोबाइल उघडून बसली. त्यांना वेगळ्याच खुर्चीचा निकाल हवा होता.

तो लागला. आणि तासा-दीड तासात जगभर डोकी फिरली.

‘गेम ऑफ थ्रोन्स’, एचबीओ वाहिनीची मालिका. आठ पर्वं, ७३ भाग. शेवटचा भाग अमेरिकेत त्या एका रात्रीत १ कोटी ९३ लाख लोकांनी पाहिला. एचबीओसाठी तो विक्रम होता. त्याच दिवसांत ‘आठवं पर्व जरा बऱ्या लेखकांकडून पुन्हा करून घ्या’ अशा ऑनलाइन याचिकेवरच्या सह्या दहा लाखांपुढे गेल्या. पुढे पंधरा लाखही ओलांडले.

एवढा मोठा प्रेक्षकवर्ग आणि एवढी मोठी चीड, एकाच आठवड्यात. का?

सोपं उत्तर तेव्हाच तयार होतं. चाहते लाडावलेत, मनासारखा राजा बसला नाही म्हणून पाय आपटताहेत. मालिकेत सान्सा झालेली सोफी टर्नर म्हणाली, अशा याचिका म्हणजे राबणाऱ्या माणसांचा अपमान. तिचं म्हणणं मनाला लागतं. आठव्या पर्वातल्या विंटरफेलच्या लढाईसाठी ही माणसं उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री उभी होती.

पण चाहते लाडावलेले होते, हे मात्र साफ खोटं.

याच मालिकेनं पहिल्या पर्वात नायकाचं, नेड स्टार्कचं, मुंडकं उडवलं. तिसऱ्या पर्वात लग्नाच्या मेजवानीत त्याचा मुलगा, गरोदर सून आणि बायको, तिघांना कापून काढलं. तेव्हा पर्व पुन्हा करा म्हणून लाखो सह्या पडल्या का? प्रेक्षक सुन्न झाला, चार दिवस चरफडला आणि पुढचा भाग बघायला हजर झाला.

आवडती माणसं मेली म्हणून हा प्रेक्षक कधी उठून गेला नाही. आठव्या पर्वात त्याला कारणंच मिळेनात, तेव्हा तो उठला.

त्याच पर्वाचा पाचवा भाग आठवा. किंग्ज लँडिंग या राजधानीच्या तटावर ड्रोगॉन हा ड्रॅगन बसलाय, पाठीवर सिंहासन जिंकायला आलेली राणी डेनेरिस. खाली शत्रूचे, म्हणजे लॅनिस्टर घराण्याचे, सैनिक तलवारी टाकतात. घंटा वाजू लागतात. शहर शरण आलं, युद्ध संपलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. श्वास जड झालाय, जबडा आवळलाय, नजर लांबच्या राजवाड्यावर खिळलीय. काही सेकंद जातात. मग ड्रोगॉन झेपावतो. तिचा शत्रू त्या राजवाड्याच्या खिडकीत उभा आहे, आणि ही गल्ल्या जाळत सुटते. बायका, पोरं, हात वर केलेले सैनिक, सगळ्यांची राख.

डेनेरिस झालेल्या एमिलिया क्लार्कनं त्या काही सेकंदांत जीव ओतलाय. पण अख्ख्या पर्वाचं काम एका चेहऱ्यानं करायचं?

इथे चाहत्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. मीरीन शहरात डेनेरिसनं १६३ गुलाममालकांना खांबांवर ठोकलं. सातव्या पर्वात गुडघे टेकले नाहीत म्हणून टार्ली बापलेकांना जिवंत जाळलं. तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? अमेरिकेत शेकडो आईबापांनी लेकींची नावं तिच्या किताबावरून ‘खलीसी’ ठेवली, ती काय तिच्या दयाळूपणासाठी?

तिच्यात आग आहे हे मालिका पहिल्यापासून सांगत होती. आपल्याला ती आग आवडत होती.

म्हणजे शेवट चुकीचा नव्हता. त्या शेवटापर्यंत तिला चालत नेण्याचे कष्ट कुणी घेतले नाहीत. राणी बिघडताना दिसायला हवी होती. दिसली ती बिघडून झालेली.

आणि ही भागांची टंचाई कुणी लादलेली नव्हती. पहिल्या सहा पर्वांत प्रत्येकी दहा भाग. सातव्यात सात, आठव्यात सहा. वाहिनी आणखी भाग द्यायला तयार होती. पैसा होता, प्रेक्षक होता. डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस या कर्त्या जोडीनंच तेरा भागांत उरकायचं ठरवलं.

उरकायचं. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पानांना वाढतात, तसं.

पहिल्या भागात राजा रॉबर्ट विंटरफेलला पोचतो, तेव्हा त्याची राणी कुरकुरते की महिनाभर प्रवासच चाललाय. तो महिना आपल्याला पटला होता, कारण त्यातून राज्य केवढं मोठं आहे ते कळत होतं. सातव्या पर्वात उत्तरेच्या भिंतीपलीकडे माणसं अडकतात, एक जण पळत जाऊन निरोप देतो, कावळा समुद्र ओलांडून दक्षिणेला पोचतो, डेनेरिस तीन ड्रॅगन घेऊन उत्तरेला येते. सगळं एका भागात. अंतर संपलं तिथेच धाक संपला.

ज्यांच्या पुस्तकांवर ही मालिका बेतली, त्या जॉर्ज मार्टिन यांचं पाचवं पुस्तक जुलै २०११ मध्ये आलं. मालिका त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू झाली होती. पुढे मालिका पुस्तकांच्या पुढे निघून गेली. शेवटाचे ठळक टप्पे मार्टिननी बेनिऑफ आणि वाइसना सांगितले होते. मुक्काम ठाऊक होते, रस्ता स्वतः आखायचा होता. तिथे घात झाला.

पुरावा? लेखकांनी स्वतःच दिला. आठव्या पर्वाच्या चौथ्या भागात डेनेरिसचा शत्रू युरॉन याचं आरमार अचानक उगवतं आणि डेनेरिसचा एक ड्रॅगन पाडतं. आकाशातून उडणाऱ्या बाईला जहाजांचा अख्खा ताफा दिसला नाही? भागासोबतच्या मुलाखतीत बेनिऑफनी सांगितलं की ती त्या आरमाराला जरा विसरलीच होती.

सात पर्वं जिनं एकही अपमान विसरला नाही, ती शत्रूचं आरमार विसरली!

तिसऱ्या भागाचीही तीच कथा. विंटरफेलची लढाई, सगळ्यांत मोठी, आणि पडद्यावर नुसता काळोख. लोकांनी तक्रार केली, तर छायालेखक फेबियन वॅग्नर म्हणाले, बऱ्याच लोकांना टीव्हीची सेटिंग नीट लावता येत नाहीत. अहो, माणसं बघणार ती घरच्याच टीव्हीवर ना? की प्रत्येकानं आधी टीव्ही मेकॅनिकचा कोर्स करायचा?

चौथ्या भागात टेबलावर कॉफीचा कप राहून गेला. जगभर हशा पिकला. वाहिनीनं तो दोन दिवसांत पुसून टाकला. कप पुसता आला, भाग तसाच राहिला.

मग आला शेवटचा भाग. प्रियकर जॉनच डेनेरिसला भोसकतो, ड्रोगॉन लोखंडी सिंहासन वितळवून टाकतो. हे दृश्य खरोखर मोठं होतं. ज्या खुर्चीसाठी सगळे मेले, ती खुर्चीच उरली नाही. इथे थांबले असते तर निम्म्या सह्या वाचल्या असत्या.

पण सरदारांच्या सभेत राजा निवडायचा होता. तो कोण सुचवतो? हातात बेड्या असलेला कैदी, डेनेरिसचा माजी सल्लागार टिरियन. निकष काय? ज्याची गोष्ट सगळ्यांत चांगली, तो राजा. म्हणून नेड स्टार्कचा मुलगा ब्रॅन. हा ब्रॅन पाचव्या पर्वात एकाही भागात नव्हता. लेखकांनाच वर्षभर ज्याची आठवण आली नाही, त्याची गोष्ट सगळ्यांत चांगली?

त्याच सभेत जॉनचा मित्र सॅमवेल सुचवतो की सगळ्या जनतेला विचारूया. सरदार खो खो हसतात. आदल्याच दिवशी आपल्याकडे मतदानाचा शेवटचा टप्पा झाला होता. इथल्या कितीतरी तरुणांच्या बोटावरची शाई अजून गेली नव्हती, आणि मालिकेतल्या वेस्टरॉस या राज्याचा राजा दहा-पंधरा जणांनी ‘हो’ म्हणून ठरवला.

राग यायलाच हवा होता. आला.

याचिका मात्र चूक होती, आणि हे चाहत्यांच्या बाजूनं उभं राहूनच सांगतो. नाटक पडलं तर प्रेक्षक उठून जातो, नाट्यगृहाबाहेर तावातावानं बोलतो, चार जणांना जाऊ नका म्हणून सांगतो. तो त्याचा हक्क आहे. तिसरा अंक दुसऱ्याकडून लिहून आणा असा हुकूम देणं हा हक्क नाही. आज वाईट शेवट बदलून घ्याल, उद्या कुणी नेड स्टार्कला जिवंत करायला लावेल.

पण ही सवय लावली कुणी? त्याच सुमारास ‘सॉनिक’ या चित्रपटाचा ट्रेलर आला. निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात बघून लोक भडकले. काही दिवसांत दिग्दर्शकानं रूप बदलण्याचं कबूल केलं, चित्रपट २०२० च्या फेब्रुवारीवर गेला. आरडाओरडा केला की कंपनी नमते, हे प्रेक्षकाला कंपन्यांनीच शिकवलं. एचबीओ नमली नाही. याचिकेचा गंभीर विचार कधी झालाच नाही, असं तिच्या प्रमुखांनी सांगून टाकलं. तेवढं एक त्यांनी बरोबर केलं.

या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. एमिलिया क्लार्कनं २०१९ च्या मार्चमध्ये लिहून सांगितलं होतं की पहिल्या पर्वानंतर तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, पुढे दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, आणि तरीही ती काम करत राहिली. अशा रुग्णांना पुन्हा उभं करण्यासाठी तिनं ‘सेमयू’ ही संस्था काढली. शेवटच्या पर्वावर चिडलेल्या चाहत्यांनीच वर्गणी काढून तिच्या संस्थेला पैसे दिले. लेखकांवरचा राग त्यांनी नटीवर काढला नाही.

लाडावलेली माणसं असं वागतात?

सप्टेंबरमध्ये एमी पुरस्कार आले. शेवटच्या पर्वाला ३२ नामांकनं, १२ पुरस्कार. सर्वोत्तम नाट्यमालिकाही हीच. लेखनाचा पुरस्कार मात्र ‘सक्सेशन’ला गेला. तीही एचबीओचीच, तीही बापाच्या खुर्चीसाठी भांडणाऱ्या पोरांचीच गोष्ट. परीक्षकांनी पूर्ण मालिकेला निरोपाचा हार घातला आणि लेखनापाशी हात आखडला. पंधरा लाख लोक दुसरं काय म्हणत होते?

‘आता यांचं काही बघणार नाही’ अशा शपथाही तेव्हा खूप झाल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ ही तिची पूर्वकथा आली आणि अमेरिकेत पहिल्याच रात्री एक कोटीच्या आसपास प्रेक्षक जमला. प्रेम होतं, म्हणून आले. २०२४ चं दुसरं पर्व आठ भागांचं. शेवटच्या भागात सैन्यं निघाली, जहाजं निघाली, आता लढाई म्हणताच श्रेयनामावली सुरू. पुन्हा तीच चिडचिड. तेव्हा घाई, आता खोळंबा. पुढच्याच महिन्यात खुद्द मार्टिननी पुस्तकातल्या गोष्टी बदलल्याबद्दल जाहीर नाराजी लिहिली. ते लिखाण लगेच काढून टाकलं गेलं.

म्हणजे मूळ लेखकसुद्धा तक्रार करणाऱ्यांच्या रांगेत.

तेव्हा सह्या करणाऱ्यांनो, राग ठेवा, याचिका सोडा. ज्यांना वेस्टरॉसचा प्रवास तुटू नये असं खरंच वाटतं, त्यांच्यासाठी मार्टिन यांचे पाच जाडजूड खंड छापून तयार आहेत. तिथे महिन्याच्या प्रवासाला महिना लागतो. वाचायला घ्या.