पोतं ढकलणारी पोरं

तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. निपाणीतली चांगल्या घरची पोरं दोन-दोन रात्री जागायला लागली आहेत. गणपतीची आरास नाही, मॅच नाही, परीक्षा तर नाहीच नाही. पत्ते असते तर निदान कळलं असतं. माझ्या बहिणीनं मध्यरात्री उठून लेकाला विचारलं, "काय करायलायस रे?" तर मान वर न करता तो म्हणतो, "पोतं ढकलायलोय." घरात पोतं नव्हतं. पोतं लॅपटॉपात होतं.

ह्याला म्हणे गेम जॅम म्हणतात. शनिवार-रविवार गाठून जगभरची मंडळी एकच विषय घेतात आणि ४८ तासांत त्यावर अख्खा खेळ बनवून मोकळी होतात. हे खूळ काल-परवाचं नव्हे. लुडम डेअर नावाचा जॅम २००२ पासून चाललाय, ग्लोबल गेम जॅम २००९ पासून दर जानेवारीत. लुडम डेअरच्या कडक गटात तर चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्यानं, तेवढ्याच वेळात, कोऱ्या पाटीपासून. आणखी एका स्पर्धेत सगळा खेळ १३ किलोबाइटमध्ये बसवायचा असतो. आमच्या ग्रुपवर येणारा शुभ सकाळचा गुलाब त्याहून जड भरेल. एवढं करून लुडम डेअरला बक्षीस काय? काही नाही! ना ढाल, ना शाल-श्रीफळ. तंबाखूचा भाव विचारल्याशिवाय चहाचा घोट न घेणाऱ्या गावातली ही पोरं, आणि फुकटात डोळे लाल करून बसतात. बहिणीच्या सासऱ्यांना तर हे ऐकूनच ठसका लागला.

त्यातून गोळीबाराचा नाहीतर गाड्यांच्या शर्यतीचा खेळ असता तर गोष्ट वेगळी. ह्यांना कोडी हवीत. म्हणजे समोरच्याला मुद्दाम अडकवायचं आणि तो अडकला की आपण खूश व्हायचं. ह्या वाईट सवयीचं मूळ जपानात आहे. १९८२ साली तिथे सोकोबान बाजारात आला. गोदामातली खोकी ढकलून जागेवर लावायची. ढकलता येतात, ओढता येत नाहीत. खोकं कोपऱ्यात गेलं की गेलं, डाव पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा नियमावर लोक चाळीस वर्षं डोकं फोडतायत! आता तर कोडी बनवायच्या, २०१३ साली आलेल्या पझलस्क्रिप्ट नावाच्या साधनात हा नियम एका ओळीत लिहिता येतो. तेव्हापासून कुणीही उठावं आणि दुसऱ्याला अडकवावं.

आणि ते 'बाबा'चं प्रकरण तुमच्या कानावर आलंच असेल. आर्वी तेइकारी नावाच्या फिनलंडच्या माणसानं २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये 'बाबा इज यू' बनवला. जिंकला, वाढवला आणि २०१९ मध्ये विकायला काढला. ह्यात बाबा म्हणजे एक पांढरं, कान असलेलं जनावर! वडीलमाणसांची ही किंमत. पण खरा आचरटपणा पुढेच. त्यात नियमच पटावर शब्दांच्या ठोकळ्यांनी लिहिलेले असतात. 'भिंत अडवते' हे वाक्य समोर पडलेलं असतं. त्यातला एक शब्द धक्का देऊन बाजूला सारला की वाक्य मोडतं आणि तुम्ही भिंतीतून सरळ चालत जाता. कायदा नडतोय, तर कायद्याचा शब्दच हलवा! असले संस्कार मुलांवर. मी भाच्याकडून मागून घेतला, आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरी बसून खेळले, पहिल्या काही पातळ्या सुटल्या आणि भाजी करपली. पुढचं विचारू नका.

आता मला सांगा, आमच्या भागाला कोड्यांची काय कमी? सीमेचं एक १९५६ पासून फुकट मिळालेलं आहे आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. २०२१ साली जीएमटीके नावाच्या जॅमचा विषय होता 'एकमेकांना जोडलेलं'. आमच्या कुणा जुन्या एकीकरण समितीवाल्याच्या कानावर गेला असता तर तिथेच सभा लागली असती.

भाचा मात्र ह्या सीमेतूनच शिकला. तो राहतो निपाणीत, कर्नाटकात. कॉलेज देवचंद, निपाणीला लागूनच. पण ते अर्जुननगरला, म्हणजे तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र. पोरगा रोज दुसऱ्या राज्यात जाऊन तास बुडवून परत येतो. तर त्यानं आणखी दोघांबरोबर जॅमसाठी केलेल्या खेळात पटाच्या मधोमध एक रेषा. एक हमाल, तंबाखूची पोती आणि एक वखार. रेषेच्या ह्या बाजूला पोतं फक्त ढकलता येतं, त्या बाजूला फक्त ओढता येतं. रेषा ओलांडली की पाट्याही मराठीच्या कन्नड होतात. संगीत एका कन्नड मित्राचं, चित्रं चिकोडीच्या एका मुलीची. मुलीची, हो! तीही जागली. तिच्या आईनं डबा पाठवला, त्यात कुंदा होता. म्हणजे पालकही सामील.

आता खरी भानगड ऐका. खेळ बनवणाऱ्यानं दुसऱ्याला तो खेळताना नुसतं बघायचं असतं. तोंडातून अक्षर काढायचं नाही. आमच्या घराण्यात हे कुणाला जमावं? कॅरमच्या पाटाभोवतीसुद्धा खेळणारे चार आणि सांगणारे नऊ असतात. पण रविवारी दुपारी पोरांनी आजीला बसवलं आणि तिघं तोंडावर हात ठेवून मागे उभे राहिले. आजीनं हमाल चालवला आणि नेमका रेषेवरच उभा केला. ना इकडे, ना तिकडे. पोरांचे चेहरे पडले, कारण रेषेवरच उभं राहिलं तर कोणता नियम लागू, हे कुणी लिहिलंच नव्हतं. दोन्ही एकदम लागले. पुढचं पोतं ढकललं गेलं, मागचं ओढलं गेलं आणि ज्या पातळीसाठी पोरांनी रात्र जाळली ती आजीनं चार चालींत संपवली.

"चुकलंय व्हय रे काय?" आजीनं विचारलं.

मुलगी म्हणाली, दुरुस्त करूया. कन्नड मित्र म्हणाला, हात लावायचा नाही, हाच खेळ आहे. भांडण झालं, चहा झाला, मित्र जिंकला. उरलेल्या तासांत रेषेवर उभं राहण्याच्याच तीन नव्या पातळ्या बनल्या आणि जुन्या निम्म्या फेकून दिल्या. आधी राब-राब राबून केलेलं फेकून देतात, वर त्याचं त्यांना कौतुक! मला विचाराल तर जुन्यांतली एक फार चांगली होती, पण माझं ऐकतं कोण.

खेळ मुदतीच्या आत गेला. शेवटी नावं येतात, त्यात आजीचं नाव 'चाचणी' ह्या शब्दाखाली घातलंय. ती आठवडाभर कुणाशी नीट बोलत नाही. तिला 'दिग्दर्शन' हवंय.