टोप कुणाच्या डोक्यावर

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या आठवडी बाजारात बेन्टेक्सच्या पथारीवर क्रूसाचं लॉकेट सर्रास दिसतं. त्याच्या शेजारी ॐ, त्याच्या शेजारी कवटी, आणि कवटीशेजारी एखाद्या परदेशी मोटारीचं चिन्ह. पोरं सगळी लॉकेटं सारख्याच निष्ठेनं उचलून पाहतात आणि जास्त चमकतं ते गळ्यात घालतात. क्रूस घालून पोरगं देवीच्या जत्रेत नाचलं, तरी कुणाच्या भावना दुखावत नाहीत. भावना दुखवायच्या तर गळा प्रसिद्ध लागतो.

तसा प्रसंग 7 मे 2018 रोजी न्यू यॉर्कला घडला. तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दरवर्षी ‘मेट गाला’ नावाचा थाटामाटाचा सोहळा होतो. त्या वर्षीचा विषय होता फॅशन आणि कॅथलिक कल्पनाविश्व. गायिका रिहाना मोत्यांनी मढलेला पोशाख करून आली आणि डोक्यावर बिशपांचा असतो तसला उंच टोप. केटी पेरी पाठीला भलेमोठे पंख लावून देवदूत झाली. सारा जेसिका पार्करनं तर ख्रिस्तजन्माचा अख्खा देखावाच डोक्यावर घेतला. गौरीपुढची आरास डोक्यावर घेऊन एखादी बाई लग्नाला यावी, तसं ते ध्यान होतं.

जगभरातले बरेच कॅथलिक चिडले. आमच्या श्रद्धेची फॅन्सी ड्रेस स्पर्धा केली, असं त्यांचं म्हणणं. पण चिडणाऱ्यांची पंचाईत अशी की, न्यू यॉर्कचे कार्डिनल टिमोथी डोलन स्वतः पाहुण्यांत हजर होते. सोबतच्या प्रदर्शनासाठी खुद्द व्हॅटिकननं सिस्टाईन चॅपलच्या वस्त्रभांडारातून चाळीसेक वस्तू धाडल्या होत्या. रिहानाला तो टोप मीच उसना दिला होता, अशी थट्टाही डोलन यांनी नंतर केली. ते प्रदर्शन 16 लाखांहून अधिक लोकांनी पाहिलं. प्रवचनाला एवढी गर्दी होत असती, तर कितीतरी फादरांची चिंता मिटली असती.

फादर आपल्याकडेही आहेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात केरळी मिशनरी कित्येक दशकांपासून राबताहेत. त्यांच्या चांदा धर्मप्रांताचं मुख्य चर्च बल्लारपूरला आहे. तिकडच्या माझ्या ओळखीच्या एका वयस्क फादरांना मी मोबाइलवर रिहानाचा तो फोटो दाखवला. ते संतापतील आणि मला लेखाला मजकूर मिळेल, असा माझा हिशोब होता. त्यांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून पाहिला आणि मल्याळी हेलाच्या झाडीबोलीत म्हणाले, “जाऊ द्या ना जी. हा टोप बिशपले भेटते. मी म्हातारा झालो, मले अजून नाही भेटला. तिले एका रातीत भेटला, नशीब तिचं!”

मग जरा थांबून म्हणाले, “पण टोपासोबत बाकीचं पन येते ना. बदलीची भांडनं, शाळेची फी, गळकं छत. ते नाही देलं तिले कोनी.”

माझा मजकूर बुडाला, पण मुद्दा हाती लागला. वस्त्र पवित्र होतं ते त्याच्याबरोबर येणाऱ्या नेमानं आणि ओझ्यानं. नुसतं वस्त्र चढवलं, तर ते सोंग. सोंगावर रागावण्यापेक्षा हसणं सोपं जातं. मात्र हसायला स्वतःच्या देवावर थोडा जास्त विश्वास लागतो.

तो विश्वास आपलाही कधीकधी डळमळतो. फेब्रुवारी 2021 मध्ये याच रिहानानं उघड्या अंगावर गणपतीचं पदक घालून फोटो टाकला, तेव्हा आपल्याकडे गहजब झाला. वर्षभर लग्नपत्रिकांवर छापून, अगरबत्तीच्या पुड्यांवर चिकटवून, शेवटी रद्दीच्या भावानं विकला जाणारा बाप्पा तेव्हा अचानक सगळ्यांना आठवला.

खरं तर भावना दुखावून घ्यायला एटापल्लीवाल्यांना न्यू यॉर्कपर्यंत जायची गरज नाही. याच तालुक्यात सुरजागड आहे. त्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेव. जानेवारीत यात्रा भरते, गावोगावचे लोक डोंगर चढतात. डोंगराच्या पोटात लोखंड निघालं आणि 2007 मध्ये साडेतीनशे हेक्टरांच्या आसपासचा खाणपट्टा दिला गेला. ग्रामसभांनी हा आमचा देव आहे असं परोपरीनं सांगितलं. आता खनिजाचे ट्रक धावतात आणि रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल होतात. पण देवाचा डोंगर ट्रकमध्ये भरला म्हणून टीव्हीवर कुणी बाह्या सरसावल्याचं मला तरी आठवत नाही. ठाकूरदेव कुणा गायिकेच्या गळ्यात नव्हता, एवढंच त्याचं चुकलं.

म्हणून मला वाटतं, भावना दुखावून घ्यायच्याच तर जरा क्रम लावावा. रिहानानं टोप रात्री चढवला आणि घरी जाऊन उतरवला. डोंगर एकदा उतरवला की चढवता येत नाही.