फॉलोअपवाले काका

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतात, एक सेक्रेटरी असतात आणि एक फॉलोअपवाले काका असतात. पहिल्या दोघांसाठी निवडणूक घ्यावी लागते. काका स्वयंभू. उभी हयात बँकेत नाहीतर सरकारी खात्यात गेलेली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काय चालतं याची खडान्‌खडा माहिती. रस्त्यावरचा दिवा गेला की बाकीचे सभासद ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकून मोकळे होतात. काका एवढंच लिहितात, ‘मी फॉलोअप घेतो.’

इंग्रजीत हे क्रियापद चांगलं ऐसपैस आहे. हाती लागलेल्या धाग्यावरून पोलीस पुढे सरकले तरी फॉलोअप, पहिली कादंबरी खपली म्हणून लेखकाने दुसरी काढली तरी फॉलोअप, टाके कसे आहेत ते बघायला डॉक्टरांनी परत बोलावलं तरी फॉलोअपच. आपण त्यातला डॉक्टरांचा अर्थ ठेवला, कारण ते ठेवायला लावतात. बाकीचे बाजूला सारून आपला एक रुजवला: दुसऱ्याने करायचं काम त्याने करावं म्हणून आपण खेटे घालणं. मराठीत याला ‘पाठपुरावा’ असा भारदस्त शब्द आहे, नाही असं नाही. पण तो नगरसेवकांच्या फ्लेक्सवर ‘यांच्या अथक पाठपुराव्यामुळे’ असा छापून येऊ लागला, तेव्हापासून काकांनी त्याचा नाद सोडला. फ्लेक्सवर फोटो येतो तो पाठपुरावा, गुडघे दुखतात तो फॉलोअप, अशी त्यांची सरळ वाटणी आहे.

काकांचं हत्यार म्हणजे बटणाची निळी प्लॅस्टिकची फाइल. तीत अर्जाच्या प्रती तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर जांभळा गोल शिक्का आणि शिक्क्यात पेनाने घातलेला आवक क्रमांक. एका कप्प्यात दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं. माहिती अधिकाराचा अर्ज कधी टाकावा लागेल सांगता येत नाही. डिंकाची कांडीसुद्धा स्वतःची. ‘ऑफिसातल्या डिंकाच्या भरवशावर राहिलं तर तिकीट लागायला पुढची तारीख पडते,’ हे त्यांचं अनुभवाचं वाक्य.

आमच्या सोसायटीचं मानीव अभिहस्तांतरण झालं, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमीन कागदावर आमची झाली. आता प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवायचं होतं. त्या कामासाठी काकांबरोबर एकदा जाण्याचा योग आला.

‘साहेब मीटिंगला गेलेत,’ कारकून मान वर न करता म्हणाले.

‘बरं. मी बसतो.’

‘उशीर होईल काका.’

‘होऊ द्या. घरी तरी काय करायचंय?’

या वाक्याला कुठल्याही कचेरीत उत्तर नाही. ओरडणाऱ्या माणसाला बाहेर काढता येतं. बाकावर बसून घरचा डबा उघडणाऱ्याला आणि वर ‘घ्या हो, थालीपीठ आहे’ म्हणणाऱ्याला काय करणार? डबा संपेपर्यंत काकांनी कारकुनांच्या मुलीचा बारावीचा निकाल विचारला, त्यांच्या बीपीची चौकशी केली आणि हात पुसता पुसता 2005 सालचा दप्तर दिरंगाई कायदा काढला. सरकारी कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात म्हटलंय. ‘तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा,’ असं वर जोडलं. फाइल शेजारच्याच कपाटात होती. साहेबही, का कोण जाणे, आतच होते.

सोसायटीतली आयटीवाली मुलं हेच काम ईमेलवर करतात. ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवतात आणि चार जणांना कॉपीत ठेवतात. काकांना यातलं जेंटलपण पटत नाही, पण चार जणांना कॉपीत ठेवणं मनापासून पटतं. क्रिकेटबद्दलही त्यांची तक्रार आहेच. कसोटीत समोरचा संघ 200 धावांनी मागे पडला की त्याला फॉलोऑन देऊन लगेच पुन्हा खेळायला लावता येतं. ‘आणि इथे मागे पडतं ते खातं, पुन्हा पुन्हा यायचं आम्ही!’

पंचाईत एवढीच, की ही सवय घराच्या दारात चपलांबरोबर उतरत नाही. इस्त्रीवाला, केबलवाला, जावई, सगळ्यांचे फॉलोअप चालू असतात. शेजारच्या मुलाला स्थळ सुचवलं तर दर रविवारी ‘कुठपर्यंत आलं?’ असा फोन ठरलेला. मुलगा हल्ली लिफ्टमधून सातव्या मजल्याऐवजी सहाव्यावर उतरतो आणि जिन्याने वर जातो. काकूंनी मात्र तोडगा काढलाय. गिरणीतून दळण आणलंत का, असं त्या विचारतात. काका ‘बघतो’ म्हणतात. ‘बघतो म्हणजे? तारीख सांगा,’ काकू म्हणतात. उभ्या जिल्ह्यात काकांकडून तारीख घेऊ शकणारी ही एकच व्यक्ती.

काकांना उगाच हसू नका. सात दिवसांचा कायदा असूनही फाइल हलवायला थालीपीठ लागतं, यात दोष थालीपीठाचा नाही. तुमचंही काही अडलं असेल तर त्यांच्याकडे खुशाल जा, ते नाही म्हणणार नाहीत. फक्त जाताना अर्जाची शिक्क्याची प्रत बरोबर ठेवा. ‘बसा’ म्हणायच्या आधी ते आवक क्रमांक विचारतात.